मीटर चालू

पुसदहून निघताना यादी केली होती:
लंगोट बावीस, नाचणीचं सत्त्व, थर्मास,
दात येतायत म्हणून एक गाजर, सोललेलं,
आणि माकडटोपी, भर मे महिन्यात,
कारण आत्याबाई ऐकेनात.
दुसरी यादी प्रफुलची, पाकिटात:
म्हातारीचा बूट, राणीची बाग, गेटवे,
आणि सगळ्यांत वर, दोनदा अधोरेखित,
आत्याला समुद्र दाखवणे.

आत्याबाई एकसष्ट वर्षांच्या.
मोठं पाणी पाहिलं ते इसापूरच्या धरणाचं.

शाल्मली चौदा महिन्यांची.
अकोल्यापासून रात्रभर जागी,
वरच्या बर्थवरून लोंबणारा परका पाय धरून
त्याला बाबा म्हणाली.
दादरच्या लॉजवर दुपारभर रडली,
पंख्याकडे बोट दाखवून,
तो आमच्या घरच्यासारखा खडखडत नव्हता.

संध्याकाळी टॅक्सी केली
आणि प्रभादेवीच्या आतच ती झोपली,
तोंड उघडं, मूठ माझ्या मंगळसूत्रात.

चौपाटीला टॅक्सी थांबली. इंजिन बंद.
शाल्मलीची भुवई हलली,
खालचा ओठ वळायला लागला.
तो वळला की आमच्या हातात चार सेकंद असतात.
"भैया, चलाओ," प्रफुल कुजबुजला,
"कहीं भी."
शिवमूरतनं आरशातून एकदा पाहिलं
आणि किल्ली फिरवली.
त्याला गावी तीन आहेत, हे नंतर कळलं.

मग आम्ही मुंबई पाहिली,
म्हणजे ती आमच्या बाजूनं निघून गेली.
नरिमन पॉइंट, वळसा, चौपाटी, वळसा.
एकदा वर मलबार हिलला,
तिथं झाडांआड काहीतरी बुटासारखं.
"हाच का तो?"
"हळू बोल."
तांबडा सिग्नल लागला की
आम्ही चौघं श्वास धरायचो,
शिवमूरत पायानं इंजिन गुणगुणतं ठेवायचा,
वीतभर पुढं, थांब, वीतभर पुढं.
पुढच्या सीटवर प्रफुलचे ओठ हलत होते.
मला वाटलं स्तोत्र.
वजाबाकी होती.

जाताना समुद्र आत्याबाईंच्या खिडकीत,
येताना माझ्या.
तेव्हा त्या माझ्या अंगावरून वाकायच्या,
शाल्मलीला पदरही न लागू देता,
आणि दुभाजकापलीकडचं पाणी
गाड्यांच्या फटीफटीतून बघायच्या,
कुणाच्या तरी लग्नात लांबून नवरी बघावी तसं.
तिसऱ्या फेरीला सूर्य पाण्याच्या वर होता.
चौथीला नव्हता.
मधलं कुणी पाहिलं नाही.

मी म्हणाले, आत्याबाई, उतरू या,
उठली तर उठली,
पाण्याला पाय तरी लावा.
"झोपू दे पोरीले," त्या म्हणाल्या.
"समुद्र काय पयून चालला?"

लॉजच्या पायरीवर ती उठली. रात्रीचे नऊ.
टवटवीत, हसरी, गाजर मागत.
शिवमूरतनं वरचे दहा रुपये घेतले नाहीत,
माकडटोपीवर टिचकी मारली आणि गेला.
प्रफुलनं हिशेबाच्या वहीत लिहिलं:
समुद्र, सहाशे चाळीस.

दिवा मालवल्यावर
आत्याबाई खाटेवरून म्हणाल्या,
"ते पानी रातीलेही हालत रायते का वं?"
हो, आत्याबाई.
"थांबतच नाई?"
नाही.
बराच वेळ काही नाही.
पंखा फिरत होता, आवाज न करता.
"नकोच थांबू दे मंग," त्या म्हणाल्या,
"थांबलं तं उठन."
शाल्मली माझ्या मांडीवर, टक्क जागी,
अंधारात माझं नाक शोधत होती.
मी गुडघा हलवत राहिले.