कोरड्या गाठी

'श्रीमती द्रौपदी लिंबाजी कौसडीकर,
सहशिक्षिका, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, पांगरी,
यांच्या सेवेसी सविनय...'
इथवर सरळ आलं,
पुढं पेन अडलं.

सरपंच म्हणाले, तुझं अक्षर चांगलं, मानपत्र तूच लिही.
अक्षर तुमचंच आहे, बाई.
बाकी माझं जे काही आहे ते तुमचं नाही:
वेशीजवळचं दुकान, दारात उभी बोअरची गाडी,
तिच्यावर रंगवलेलं 'पाणी लागेपर्यंत साथ'.

'पर्यावरणाचा वसा घेतलेल्या' असं लिहिलं
आणि खोडलं.
वसाबिसा काही घेतला नव्हता तुम्ही.
सुंबाचा एक दोर घेतला होता,
हात हात अंतरानं गाठी मारलेला,
टोकाला बिनकिल्लीचं कुलूप.

दर सोमवारी, दुसऱ्या तासाला,
अठ्ठावीस लेकरं गावविहिरीच्या कठड्याला.
दोर खाली जायचा.
डुब् वाजलं की सगळे गप्प.
मग वर ओढून कोरड्या गाठी मोजायच्या
आणि शाळेच्या भिंतीवर गेरूनं आकडा.
पोळ्याला नऊ. संक्रांतीला चौदा.
एका चैत्रात दोरच संपला
तर शेजारच्या म्हशीचं दावं मागून आणलंत.

त्या विषयाला गुण नव्हते, नुसती श्रेणी.
म्हणून गणिताचे गुरुजी तो तास मागायचे.
'आमीबी मोजूलालोत की, गुरुजी,'
एवढंच म्हणायच्या तुम्ही.

मैदानात टिटवीनं अंडी घातली
तेव्हा पंधरा ऑगस्टची कवायत
तुम्ही वीस पावलं सरकवलीत.
केंद्रप्रमुख चिडले, तर म्हणालात,
'सर, तिची परवानगी आपल्या आधीची आहे.'

हे मानपत्रात कुठं बसवू?

मग एका वर्षी शाळेला बोलक्या भिंती मंजूर झाल्या.
ऑइलपेंटचा मोर आला, हरणं आली,
आणि एक भलामोठा निळा धबधबा,
ज्याच्याखाली तुमचे अकरा वर्षांचे सोमवार गेले.
तुम्ही लांबून बघितलंत.
'पाणी चांगलं काढलंय,' म्हणालात,
आणि दुकानातून दोनशे पानी वही आणलीत.

त्याच वहीत मी आहे.
माझी पहिली बोअर, गावविहिरीपासून दीडशे पावलांवर.
रात्रभर गाडी घुमत होती.
पहाटे तुम्ही आलात. मला वाटलं, आता बोलतील.
मी बोलून घ्यायला तयार होतो.
'किती फूट गेलास?'
'सहाशे चाळीस.'
'काय लागलं?'
'फुफाटा, बाई.'
'मग फुफाटा लिहिते.'
आणि लिहिलंत, तारीख घालून.

नंतर चोरून पाहिलं मी.
गट नंबर, फूट, फुफाटा.
माझं नाव नव्हतं.
असतं तर बरं झालं असतं.

आज रविवार. शाल, नारळ, गटशिक्षणाधिकारी,
माइकची शिट्टी.
मी वाचायला उभा राहिलो
आणि मंडपाच्या कोपऱ्यात, बांबूला,
ओळखीच्या गाठी दिसल्या.
डेकोरेशनच्या पोरांना दोर कमी पडला असणार,
शाळेच्या खोलीत हात घातला, मिळालं ते बांधलं.
मी 'निसर्गाची निष्ठेने सेवा' वाचत होतो
आणि मोजत होतो, सात, आठ, नऊ...
पुढच्या बांबूभोवती गुंडाळल्या होत्या.
तुमच्याकडं पाहिलं
तर तुम्हीही तिकडंच बघत होता.
ओठ हलत होते.

टाळ्या झाल्या.
लॅमिनेट केलेलं मानपत्र तुमच्या हाती दिलं.
सवयीनं तुम्ही त्याची घडी घालायला गेलात,
घडी पडेना.

पाया पडायला वाकलो
तेव्हा वरून आवाज आला, हळू,
हजेरी घेताना असायचा तसा:
'मंडप सुटला की तेवढा दोर आत ठेव रे.
उद्या सोमवार हाय.'