धबधबा

सर्जेराव मुळीकांचे कान
सिग्नलच्या पलटणीतच राहिले.
आता चाळकेवाडीच्या पठारावर, पत्र्याच्या खोलीत
ते रेडिओ बघतात.

पडद्यावर निळा धबधबा वरून खाली,
ठोसेघरसारखा, पण रांगत.
"हे दोन रूळ – टेलिप्रिंटर.
ही गोधडीची धावदोर – मोर्स, हातानं मारलेला;
रेघ ओढताना रेंगाळतो गडी, दमलेला असणार.
हा तिरका फराटा आपल्या पवनचक्क्यांचा, सोड."

मी हेडफोन लावला. नुसती खरखर.

त्यांनी बोट टेकवलं एका फिक्या धाग्यावर,
खरखरीच्याही तळाशी.
टिंब. रेघ. रेघ.
एक अक्षर उतरेपर्यंत चहावर साय.
पाचवं येता येता
वीज गेली.

काळ्या काचेवर बोट तसंच ठेवून
म्हणाले, "अजून पाठवतोय तो."