फेब्रुवारीतली दुसरी खुर्ची

आस्मुन बोडोहून बोटीनं येतो, वर्षातून एकदा.
बूट दाराशी काढून, नुसत्या मोज्यांवर
दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसतो
आणि सुन्निवाचं वर्ष टेबलावर पसरतो.

म्हणतो, हे बघ. शंभर क्रोनरचं काम केलंस,
एक्क्याण्णव हातात आले.
त्यातले एकोणसत्तर गेले :
भाडं, पगार, हातमोजे, ऑस्लोहून येणाऱ्या कॅपा,
आणि त्या एक्स-रे मशीनचा हप्ता,
जे मला न विचारता घेतलंस.
उरले बावीस. त्यात तुझा कर, तुझं घर, तुझं म्हातारपण.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
हिचं भरतं.
कसं, ते मात्र अठरा वर्षांत हिनं विचारलं नव्हतं.
बँकेत पैसे दिसले की बरं चाललंय,
नाही दिसले की हिवाळा.

त्याची पेन्सिल फेब्रुवारीवर थांबते.
दुसरी खुर्ची, अडतीस टक्के रिकामी.
लोक वेळ घेतात आणि फिरकत नाहीत. दंड लाव.

सुन्निवा हसते.
फेब्रुवारीत कॉड येतो, आस्मुन.
उत्तरेच्या समुद्रातून अंडी घालायला लोफोटेनला येतो
आणि त्याच्यामागे अख्खं गाव पाण्यावर.
दाढ थांबते. मासा थांबत नाही.

तो लिहून घेतो.
कुठल्या रकान्यात, ते त्याला सुचत नाही.

मग नव्वद दिवसांवरची येणी.
तिला वाटायचं, गळती इथेच.
निघाली तीन नावं. तूर्लाइफ, ज्यानं बोट विकली,
आणि दोघं, जे देतील.

तेवढ्यात काउंटरवरून गुद्लाउग येते, निळी वही घेऊन.
शंभर नव्हतेच ते, म्हणते. एकशेआठ होते.
वहीत चारशेबारा नोंदी :
घासलेली कड, परत चिकटवलेली कॅप,
‘राहू दे गं, दोन मिनिटांचं तर काम.’
घड्याळ लावून बघितलंय मी. तुझी दोन मिनिटं म्हणजे वीस.

आस्मुन चष्मा पुसतो.
सुन्निवा पानं उलटते. हॉटेलवाला रॅग्नवाल, चार वेळा.
कान तापतात तिचे.
मासळीच्या कारखान्यातली दाइवा, नऊ वेळा.

रॅग्नवालला बिल पाठव, म्हणते.
दाइवाचंही लिही. पूर्ण रक्कम, आणि पुढे शून्य.
सोडते ते किती, मला दिसू दे.
आणि फेब्रुवारीत दुसरी खुर्ची दुपारी बंद.
संध्याकाळी सातला उघडू, बोटी लागल्यावर.
येऊ देत वासासकट.

आस्मुन कागद आवरतो. हात सारखा गालाकडे.
किती दिवस दुखतंय?
दोन वर्षं.
ती काही बोलत नाही. फक्त दिवा खाली ओढते.

अर्ध्या तासानं, तोंडात कापूस, तो काहीतरी पुटपुटतो.
सुन्निवाला कळत नाही.
गुद्लाउगला कळतं, तिचा जन्म यातच गेला :
लिहा म्हणतोय. पूर्ण.