मिठातले पाय

खाराघोड्यापासून आत सव्वीस किलोमीटर.
रस्ता नाही, चाकांच्या जुन्या खुणा आहेत.
पंधरा दिवसांनी मी टँकर नेतो,
रूडीबेनच्या टाकीत पाइप सोडतो, विडी पेटवतो.
टाकी भरेपर्यंत जे दिसलं, ते हे.

झालं कधी, ते तिलाही नीट सांगता यायचं नाही.
माघात कधीतरी. देवशी डिझेल आणायला गेलेला.
ती आगरात दंताळं ओढत होती,
आणि ओढणारं कोणी नव्हतं.
एवढंच म्हणाली.
मग म्हणाली, पाइप जरा वर धर,
सांडतंय.

मला वाटायचं, असं काही झालं
की माणूस उठून गिरनारला जातो,
नाहीतर निदान भांडायचं तरी सोडतो.
ही व्यापाऱ्याच्या माणसाशी वजनावरून अशी भांडली,
काटा खोटा, तू खोटा, तुझा शेठ खोटा,
की लांबवर चरणाऱ्या घुडखरांनी माना वर केल्या.
भांडण संपलं ते मात्र संपलंच.
तोंडात घोळवत बसली नाही.
बाजरीची भाकरी थापली
आणि पहिली त्याच माणसाच्या ताटात टाकली.

जुनागढकडचा एक बावा आला होता,
माझ्याच टँकरवर बसून, तिला तपासायला.
राग येतो?
येतो.
भीती?
सापाची.
मग गेलं काय तुझं?
चुलीच्या तोंडाशी सुंभाचा तुकडा पडला होता,
जळून राख झालेला, पण पीळ जसाच्या तसा.
तिनं काडीनं तो दाखवला.
म्हणाली, आता यानं बकरी बांधून दाखव.
बावा परतीच्या वाटेवर गप्प होता.
उतरताना भाड्याचे पैसे द्यायला विसरला.

मृगजळ तिलाही दिसायचं. मी विचारलंय.
बारा वाजून गेले की चहूकडे तळं,
तळ्यात उलटी झोपडी, उलटा देवशी.
इतकी वर्षं गाडी चालवतोय,
माझा पाय अजून ब्रेकवर जातो.
ती म्हणायची, दिसू दे की. छान दिसतं.
हंडा घेऊन निघू नये, बस.

मुलगा गेला तिचा, वालजी, ट्रॅक्टरखाली.
ती रडली. हे लिहून ठेवा,
कारण पाटडीत लोक सांगतात ती रडली नाही,
ज्ञानी होती ना.
रडली. छाती पिटून, जमिनीवर लोळून,
देवशीपेक्षा जास्त.
मध्येच डोळे पुसून मला विचारलं,
तू जेवलास का रे?
आणि पुन्हा रडायला लागली.
त्या रडण्याच्या खाली काहीतरी होतं
जे रडत नव्हतं
आणि रडण्याला अडवतही नव्हतं.
आगराच्या तळाला, आठ-आठ दिवस पायांनी तुडवून
टणक केलेली जमीन असते,
तसं काहीतरी.
मला एवढंच कळलं. चुकलंही असेल.

गेल्या चैत्रात कावीळ झाली.
औषध घेतलं तिनं. दवाखान्याच्या रांगेत उभी राहिली,
कडू आहे म्हणून तोंड वाकडं केलं.
मग गेली.

आगरियाची चिता इथं सगळ्यांना ठाऊक आहे.
सगळं जळतं, पाय जळत नाहीत.
एवढ्या हंगामांचं मीठ आत मुरलेलं.
दोन पावलं उरली, घोट्यापासून खाली,
चालायला निघाल्यासारखी.
बावा असता तर म्हणाला असता, प्रारब्ध.
देवशी काही म्हणाला नाही.
फडक्यात गुंडाळली, खड्डा केला,
वर मूठभर मीठ टाकलं.

मी टाकीत पाइप सोडला.
विडी पेटवली नाही.
पाइप जरा वर धरून उभा राहिलो.
तरी सांडलंच थोडं.