रंग : समुद्री

गाडीच्या पुस्तकात, रंगापुढे,
कुणा कारकुनाने वळणदार अक्षरात लिहून ठेवलंय : समुद्री.
झालं. एवढंच.
कुठला समुद्र, किती वाजताचा,
याची नोंद सरकारला नको होती.

बस्त्याव फर्नांडिस होड्या रंगवतो. मोटार त्याला पहिलीच.
'चाकां आसत म्हणान काय झाला,' म्हणाला,
आणि पॉलिश पेपर पाण्यात बुडवून
हेराल्डच्या दारावर तळहाताएवढी खिडकी घासली.
वर ती पांढरी, उल्हासने लग्नाच्या वर्षी मारून घेतलेली.
तिच्याखाली तपकिरी, जिची जबाबदारी कोणी घेत नाही.
मग लांबी, मग लाल प्रायमर,
मग पत्रा, गार आणि गप्प.
समुद्र कुठेच नव्हता.
दार बदललेलं असणार,
बाबांना दाभोलीच्या उतारावर एकदा म्हैस आडवी आली होती.

शशीताई सावंतवाडीहून फोनवर : हिरवी होती,
शेवाळी, मी तिच्यावर बसून फोटो काढलाय.
(फोटो काळापांढरा.)
उल्हास म्हणतो निळी. शपथेवर निळी.
मला आठवतो तो फक्त वास,
काजूच्या टरफलांच्या तेलाचा, मागच्या सीटखालून येणारा,
बाबा कारखान्याचे नमुने पोत्यातून न्यायचे तेव्हाचा.
वासाचं रंगकार्ड मिळत नाही.

मिळालं ते छत्तीस चौकोनांचं.
ते घेऊन मी तीन दिवस वेंगुर्ल्याच्या बंदरावर गेले.
सकाळी सातला अकरावा चौकोन जुळला,
नऊला पंचविसावा,
दुपारी एकही नाही, दुपारी समुद्र नुसता पत्रा.
संध्याकाळी जाळं विणणाऱ्या एकाने
खांद्यावरून वाकून सगळं कार्ड पाहिलं, आणि विचारलं,
साडीचं मॅचिंग शोधताय काय?

बस्त्याव हे ऐकून हसला नाही.
'होडीचो रंग होडीसाठी नसता.
धक्क्यार उभ्या रवलेल्याक लांबसून कळाक व्हया
आपली खयची ती.'
मग मडगार्डच्या कडेची खपली नखाने उडवत :
'नायतर गंजावांगडा पटात असो रंग घी.
शेवटाक दोघांक एकाच घरात रवाचा आसा.'

बॉनेटवर त्याने तीन पट्टे ओढले.
एक निळा, एक हिरवा,
आणि एक, ज्याला कार्डावर चांगलं भारदस्त नाव होतं
पण आम्ही दोघंही त्याला 'तो मधलो' म्हणायला लागलो.
आठ दिवस पट्टे उन्हात.
येणारा जाणारा मत देऊन गेला.
पोस्टमनने दोनदा दिलं, वेगवेगळं.

नवव्या दिवशी मागच्या दिव्याचं रबर काढताना
नखाएवढा तुकडा सापडला,
साठ वर्षं अंधारात राहिलेला.
मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला
आणि आईला धरून अंगणात आणलं.

तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू दिवाळीआधी काढला,
डावा अजून पिकतोय.
ती वाकली. डावा डोळा झाकला.
'निळी गो.'
उजवा झाकला.
'हिरवी.'
पुन्हा डावा. पुन्हा उजवा.
दहाबारा वेळा ती गाडी बदलत राहिली :
उल्हासची, शशीची, उल्हासची.

मी म्हटलं, मग कुठल्या डोळ्याची मारू?
तिने हात पदराला पुसला.
'माका काय इचारतंस?
मी खय भायरसून बगतलंय.
मी आत बसतलंय.'

बस्त्यावने मधल्याचा डबा उघडला.
तो नखाएवढा तुकडा तेवढा सोडला,
वर रबर परत बसवलं.
पुस्तक घेऊन उद्या कोणी तपासायला आलंच तर.