वजनकाटा

विट्याहून पहिली एसटी. सांगलीच्या सिव्हिलमध्ये
निलोफर मॅडम काट्यावर उभं करतात.
एकोणचाळीस सातशे.
"हौसाबाई, गेल्या खेपेचे शेंगदाणे कुणी खाल्ले?"

मी काढून ठेवलेल्या चपलांकडे बघते.
शेंगदाणे प्राजूच्या डब्यात गेले,
गूळ सासऱ्यांच्या चहात,
सोयाबीनचं पीठ सगळ्यांच्याच भाकरीत.
एकटीनं खायचं कसं असतं
ते कुठल्या शाळेत शिकवतात?

मालक कोईमतूरला सोनं गाळायचे.
परत आले तेव्हा गाठीला तोळाभर,
बाकीचं रक्तातून.

आता बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते.
एक तोंडात टाकला तर मुकादम बघतो.
रात्री नऊला गोळी.
उपाशीपोटी घेतली की आढं फिरतं,
म्हणून आधी भाकरी, मग गोळी.
भाकरी नसली तर
नुसती गोळी.

पिशवीवर संस्थेचं नाव छापलंय.
उलटी करून आणते,
शिवण बाहेर, अक्षरं आत.

परवा जाऊबाई दारात. चार वर्षांत पहिल्यांदा.
"कूट आहे का गं वाटीभर? पाहुणे आलेत."
म्हणजे पिशवीत काय असतं, तिला ठाऊक होतं.
दिलं.

दिवेलागणीला वाटी परत आली, रिकामी नाही.
तळाशी उकडलेलं अंडं,
सोललेलं.
"इथंच खा," म्हणाली. "माझ्यासमोर."
आणि उंबऱ्यावर बसून राहिली.

मीठ नव्हतं. मी मागितलं नाही.

पुढच्या खेपेला काट्यावर चढताना
चपला काढायचं विसरेन म्हणते.