उघाडी

महापेच्या त्या इमारतीला खिडक्या नाहीत.
आत गारवा, बारा महिने एकसारखा,
आणि एक घरघर, जी मला आता ऐकू येत नाही.
घरी आलो की तिचं नसणं ऐकू येतं.

चौथी रांग, अकरावं कपाट.
तिथे एक जग ठेवलंय.
डोंगर, तीन बंदरं, मिठाची वाट,
सतरा हजार माणसं ये-जा करतात
आणि ती निघून गेली तरी
त्यांच्या शेळ्या चरत राहतात.
हे मला कंपनीने सांगितलेलं नाही.
कपाटावर नुसता आकडा असतो.
पण बुधवारी पहाटे चारला ते अकरा मिनिटं झोपतं
आणि त्याच अकरा मिनिटांत
माझा फोन म्हणतो : जगाची डागडुजी चालू आहे.
एवढ्यावरून ओळखलं.

मीही राहायचो तिथे.
इथला भागीरथ मढवी, तिथला घोरपड.
नदीच्या मुखाशी सव्वीस गुंठे घेतले होते,
खाऱ्या कडेला, स्वस्त म्हणून.
कायदा साधा :
भरती येते, बांधाला भोक पडतं,
दर आठवड्याला चिखल लावायचा, सारा भरायचा.
तीन आठवडे चुकलात
तर जमीन पुन्हा कुणाचीच नाही.

आजा हे ऐकून हसला असता.
जोमा मढवीची खार गोठिवलीच्या खाली, खाडीला लागून.
उघाडीची फळी तो रात्री दोनदा उठून बघायचा,
भरतीला खाली, ओहोटीला वर.
भोक खेकडा पाडतो, म्हणायचा,
समुद्र नुसता आत येतो.
मग मोजणीवाले आले, मग मुरमाचे डंपर.
शेवटची पिशवी उचलून आणल्यावरही
आजा रात्री उठायचा,
चपला शोधायचा,
आणि मग आठवून ओट्यावर बसायचा.

माझी पोर एकतीस दिवस काचेच्या पेटीत होती, वाशीला.
मग तिचं वजन, तिचं दूध, तिचा पहिला ताप.
चौदा महिने मी घोरपड नव्हतो.
रात्रपाळीत अकराव्या कपाटासमोर उभा राहायचो,
एकवीस अंश, बावीस, वहीत नोंद, सही.
आत माझा बांध फुटत असणार
आणि मी बाहेरून
त्याच भरतीला वीज पुरवत होतो.

काल सुट्टी होती. पोर झोपल्यावर
दार ढकललं.

दिवा जळत होता.
बांधावर नवा चिखल, ओला.
बोटांचे ठसे दाखवण्याइतका तो खेळ चांगला नाही
तरी मला दिसले.
एकसष्ट आठवड्यांचा सारा भरलेला,
भरणार : रानमेवा.

शेजारचं शेत. कधी बोललो नव्हतो.
एकदा माझी कोंबडी परत आणून दिली होती त्याने,
की तिने,
आणि मी मान हलवली होती. बस.
फळीला पाटी टांगलेली :
पाणी येत होतं. म्हणून.

मी खाली लिहिलं, मुलगी झाली.
आणखी काय लिहिणार?
बराच वेळ थांबलो.
मग नावावर बोट ठेवलं :
रानमेवा, शेवटचा दिसला, वीस दिवसांपूर्वी.

सतरा हजारांत असा एक जण कुठे शोधायचा?
सोलापूरला, दुबईला, की इथेच घणसोलीत
माझ्याच जिन्यात वरच्या मजल्यावर?
आजारी, की परीक्षा, की नुसता कंटाळा?
सर्व्हरला ठाऊक नसतं. त्याला फक्त
कोण आहे आणि कोण नाही एवढं कळतं.

बांधावरून पलीकडे गेलो.
भाताची टोकं पिवळी, मीठ चढू लागलेलं,
उघाडी अर्ध्यात अडकलेली
आणि भरती आत.

तीन एकावन्न.
आज ड्युटीवर धनेश आहे, वेळेचा पक्का,
चारला म्हणजे चारला बटण दाबणार.
फळी खाली रेटली.
जग बंद व्हायला नऊ मिनिटं.
तेवढ्यात हातभर बांध होतो.